तुमच्या हातात किती?

येसाजीअण्णा रोज सकाळी कारखान्यात आले की फाटकाजवळच्या माझ्या टेबलाशी थांबत आणि विचारीत, "बेळगावकर, तुमच्या हातात किती?" मी बाही सरकवून मनगटावरचे घड्याळ पाही आणि सेकंदासकट वेळ सांगे. अण्णा ती पेन्सिलीने चिठोऱ्यावर टिपत, कानडीत "सरी", म्हणजे ठीक, म्हणत आणि आपल्या खोलीकडे जात. आठ महिने हे चालले होते. बेंगळूरचा तो अख्खा कारखाना माझ्या मनगटावर चालतो, अशी माझी आठ महिने समजूत होती. घरच्या पत्रातही मी ते, जरा आडून, कळवले होते.

ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. बेळगावाकडून नवा आलेला मी टाइम ऑफिसात उमेदवार कारकून होतो. उशिरा येणाऱ्यांच्या नावापुढे लाल खूण करणे हे माझे काम, आणि आकड्यांत माझी चूक होत नाही हा माझा अभिमान. अण्णांचे घराणे मात्र तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर येऊन इथेच राहिलेले. त्यांच्या मराठीत कानडी इतकी मिसळली होती की मी एकदा ती सुधारायला गेलो. अण्णा म्हणाले, "स्वल्प थांबा. आधी तुमचं घड्याळ सुधारू, मग माझी भाषा."

कारखान्यात भिंतीवरची बेचाळीस घड्याळे होती, पण त्यांतले एकही स्वतः चालत नसे. ती सांभाळणे हे अण्णांचे काम. त्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात लंबकाचे एक उंच घड्याळ होते. त्याला सगळे 'आई' म्हणत. आई दर अर्ध्या मिनिटाला तारेतून एक ठोका पाठवी आणि बेचाळीस काटे एकदम पुढे सरकत. भोंगाही तिच्याच हुकमाने वाजे. सकाळी आठला रेडिओवर वेळेचे ठोके येत, तेव्हा अण्णा आईचा फरक मोजून वहीत लिहीत. फरक फार वाढला तर लंबकावरच्या चिमुकल्या तबकात सोनाराकडची एखादी गुंज टाकीत किंवा काढीत. एका गुंजेने आई दिवसाला पाव सेकंद जलद होई.

"तीन सेकंद मागं आहे, तर पुढं का घेत नाही?" मी एकदा विचारले.

"चुकू दे की. घड्याळ चुकतंच. रोज सारखं चुकलं पाहिजे, मग ते भरवशाचं."

हे मला आळशी माणसाचे तत्त्वज्ञान वाटले.

पुतणीच्या लग्नासाठी अण्णा पाच दिवस तुमकूरला गेले. किल्ली माझ्याकडे दिली. "रेडिओ ऐका, फरक लिहा. हात लावू नका. आणि फरक नाही दिसला तर शून्य लिहायचं नाही. शून्य देवाला. माणसानं 'फरक कळला नाही' असं लिहावं."

सोमवारी आई तीन सेकंद मागे होती. मला जेवण गोड लागेना. पाव सेकंदाला एक, म्हणजे तीन सेकंदांना बारा गुंजा, मी टाकल्या. मंगळवारी फरक अर्ध्या सेकंदावर आला आणि मी स्वतःवर खूश झालो. पण काम झाले म्हणून गुंजा काही थांबत नाहीत. बुधवारी आई तीन सेकंद पुढे गेली, गुरुवारी सहा. गुरुवारी संध्याकाळी त्या काढायला गेलो, तेव्हा माझी बाही लंबकात अडकली आणि आई थांबली.

सोडवून लंबक हलवीपर्यंत किती वेळ गेला, कोण जाणे. रेडिओचे ठोके दुसऱ्या सकाळी. मी मनगटाकडे पाहिले आणि हाताने ठोका द्यायची कळ दाबत आईला माझ्या घड्याळाशी जुळवले. माझी आठ महिन्यांची समजूत शेवटी खरी झाली.

शुक्रवारी साडेसातला फाटक बंद झाले आणि एका मिनिटाने मुनियप्पा धावत आला. तो लेथवरचा खरादी, माझ्यासारखाच उमेदवार. महिन्यातली त्याची तिसरी लाल खूण, म्हणजे नोकरीत कायम होणे संपले. "साहेब, आज भोंगा लवकर झाला," तो काकुळतीने म्हणाला.

"बेचाळीस घड्याळं खोटी आणि तू खरा?"

फाटकावरचा म्हातारा नंजप्पा आपले खिशातले घड्याळ पुढे करून म्हणाला, "साहेब, माझं आज नऊ मिनिटं मागं आहे."

"मोडीत घाला ते," मी म्हणालो आणि लाल खूण केली.

आठला रेडिओ लावला. आई दोन मिनिटे पुढे होती. मी लंबक दोन मिनिटे धरून ठेवला, सोडला, आणि वहीत लिहिले, 'फरक शून्य'. आयुष्यातला माझा पहिला खोटा आकडा. अक्षर सुरेख आले होते.

शनिवारी अण्णांनी वही पाहिली. "काल शून्य. मग नंजप्पा म्हणतो, त्याचं काल नऊ मिनिटं मागं होतं, ते कसं?"

"जुनं घड्याळ, अण्णा."

"सात वर्षं ते सातच मिनिटं मागं असतं. काल दोन मिनिटं आजारी पडलं आणि आज बरं झालं?"

मी सगळे सांगितले. मुनियप्पाचेही. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी पेन्सिल पुढे केली. "शून्य खोडा. खोडलेलं दिसलं पाहिजे. खाली खरं लिहा, सही करा."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल कदाचित. त्याची तर गेलीच आहे."

अण्णांनी वही कारखान्याच्या मोठ्या साहेबांपुढे ठेवली आणि त्यांनी ती चाळली. अकरा वर्षांत एक दिवसही आई अचूक नव्हती. रोज काहीतरी मागे, काहीतरी पुढे. शून्य एकच, माझे. ते म्हणाले, "स्वतःच्या घड्याळाच्या इतक्या चुका लिहिणाऱ्या माणसाची वही मी खोटी कशी म्हणू?" मुनियप्पाची खूण रद्द झाली आणि तो कायम झाला. माझी उमेदवारी सहा महिन्यांनी वाढली. हिशेब बरोबर होता.

मग अण्णांनी मला वहीची मागची पाने दाखवली. "रेडिओ खरखरला तर कुणाच्या तरी घड्याळावर जावं लागतं. म्हणून कोण किती चुकतो ते बघून ठेवतो." नंजप्पाच्या नावाखाली पानभर सात, सात, सात. माझ्या नावाखाली वीस सेकंद पुढे, चाळीस सेकंद मागे, दीड मिनिट पुढे. मी रोज मागचे झाकण उघडून घड्याळ सुधारीत असे ना! शेवटी अण्णांनी शेरा लिहिला होता : 'माणूस चांगला. घड्याळाला हात फार.'

त्या दिवसापासून मी झाकण उघडले नाही.

काही वर्षांनी अण्णा निवृत्त झाले. शेवटच्या सकाळी माझ्या टेबलाशी थांबून त्यांनी विचारले, "बेळगावकर, तुमच्या हातात किती?"

"सात चोवीस. पण चाळीस सेकंद पुढं आहे, अण्णा. रोजच असतं."

अण्णांनी काढलेली पेन्सिल खिशात ठेवली.

"सरी," ते म्हणाले. "मग आता मी लिहून काय करू?"