पाचोडच्या अळीचं माहेर

हसायचं नाही असं कबूल करा, मगच सांगते. बरं जाऊ द्या, तुम्ही हसणारच! तर, एका अळीपायी मी एका घरचा जावई रुसवला. मी! जिला सख्ख्या बहिणीच्या लग्नात कुणी मानपानाचंसुद्धा विचारलं नाही!

मी इथं संभाजीनगरात कीटकांच्या प्रयोगशाळेत आहे. कपाशीतली गुलाबी बोंडअळी आणायची, तिचा डीएनए तपासायचा आणि त्यातल्या खुणांवरून ठरवायचं, गंगापूरकडची अळी आणि पाचोडकडची अळी एकाच कुळातली की वेगळी. थोडक्यात, अळ्यांची खानदानं शोधायची.

दोन्हीकडच्या बारा-बारा अळ्या स्पिरिटच्या नळ्यांत भरून एकाच डब्यात ठेवल्या. सर ओरडून सांगत होते, "चिठ्ठी पेन्सिलनं लिही!" मी लिहिली जांभळ्या जेल पेननं. अक्षर काय सुरेख येतं! जीपच्या धक्क्यांनी स्पिरिट सांडलं आणि निम्म्या नळ्यांवरची गावं वाहून गेली.

मग? आठवून आठवून पुन्हा लिहिली. एवढा आत्मविश्वास परीक्षेत असता तर!

निकाल आला. पाचोडच्या पाच अळ्यांत गंगापूरची खूण! मला वाटलं, लागला शोध! सरांना दाखवायचीही वाट न बघता मी पाचोडच्या शेतमालकांना, सलीमचाचांना, फोन लावला.

"चाचा, तुमच्या रानात गंगापूरची अळी घुसलीय!"

चाचा म्हणाले, "आमचा दामाद गंगापूरचाच. मागं टेंपोभर कापूस आणून टाकला त्यानं शेडात."

"मग त्यातूनच!" मी दिलं ठोकून.

संध्याकाळी त्यांच्या मुलीचा, शबानाचा फोन. "दीदी, काय बोललात अब्बांना? त्यांनी यांना चार माणसांत सुनावलं, अळ्या घेऊन आलास म्हणून! आता हे म्हणतात, पाचोडला पाय ठेवणार नाय. अन् परवा माझ्या भावाचं लग्न!"

मला वाटत होतं, विज्ञान आहे, मी काय करू?

दुसऱ्या दिवशी सरांनी कागद पाहिला. "पाचोडात गंगापूरच्या पाच. अन् गंगापुरात पाचोडच्या, त्याही बरोबर पाचच? अळ्यांनी काय साटंलोटं केलंय?"

मी सगळं कबूल केलं. सरांनी नुसतं दाराकडं बोट दाखवलं. मी शबानाला फोन करून थेट पाचोडची एसटी धरली.

मॅडम माफी मागायला येतायत म्हटल्यावर जावई, अन्वरभाई, माझ्याआधीच येऊन बसले होते! अंगणात सगळी मंडळी. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "चूक माझी. चिठ्ठ्या पुसल्या गेल्या, गावांची नावं मी अंदाजानं लिहिली."

चाचा उठले, जावयाला मिठी मारली. "माफ कर बेटा, लई बोललो." शबानानं डोळे पुसले. मलाही चहा मिळाला.

अन्वरभाईंनी शांतपणे बशी खाली ठेवली. "मॅडम, तुम्ही कुठल्या?"

"बिडकीनची."

"पक्कं? का तेबी अंदाजानंच?"