तिसरी हाक

आमचे मामा कोर्टात शिपाई. दारात उभं राहून पक्षकाराचं नाव तीनदा पुकारायचं, हे त्यांचं काम. आवाज असा खणखणीत, की खालच्या मजल्यावरचा टायपिस्टही दचकायचा. "साहेब कधी चुकत नाहीत," हे त्यांचं पालुपद. मामी म्हणायची, "अहो, साहेबही माणूसच ना? चुकायला काय झालं?" मग मामा पेपर तोंडासमोर धरायचे. मला त्यांचा रागच यायचा.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी साहेबांना घाई होती. एका म्हातारीला घरमालक खोलीतून काढू पाहत होता, तिचा पुकारा चालला होता. दुसऱ्या हाकेनंतर साहेबांनी हातानेच 'पुरे' केलं. म्हातारी पाणी प्यायला खाली गेलेली मामांनी पाहिली होती. पण साहेबच पुरे म्हणतात म्हटल्यावर त्यांनी तोंड मिटलं. ती धापा टाकत वर आली तोवर गैरहजर ठरली होती आणि खोली सोडण्याचा हुकूमही झाला होता.

संध्याकाळी घरी येऊन मामांनी मामीला सगळं सांगितलं.

"चुकले ना साहेब?" मामीने विचारलं.

"त्यांना वाटलं असेल, तीन झाल्या. मला तर माहीत होतं ना! मी का मूग गिळून बसलो?"

म्हातारीने फेरविचाराचा अर्ज केला. साहेबांनी कागदातून मान वर न करता मामांना विचारलं, "तीनदा पुकारलं होतंत ना?"

"हो साहेब," मामा सवयीने बोलून गेले.

म्हातारीने वाद घातला नाही. "मारली असेल हो हाक. हे कशाला खोटं बोलतील? माझेच कान गेले असतील." अर्ज फेटाळला गेला. ती साहेबांना हात जोडून, मग मामांनाही हात जोडून बाहेर पडली.

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचं नाव पुकारायला ते दारात आले, तेव्हा म्हातारी व्हरांड्याच्या टोकाला जिन्याशी पोचली होती. त्यांनी पुढचं नाव घेतलंच नाही. तिचंच घेतलं. पण आवाज जेमतेम निघाला.

"आले, आले!" म्हातारी लगेच वळली.

मामा तिला हाताला धरून आत घेऊन गेले.

"साहेब, त्या दिवशी तुम्ही दोनच हाकांवर पुरे म्हणालात आणि मी गप्प बसलो," ते म्हणाले. "यांचे कान चांगले आहेत."