काळ्या बटणांचा माणूस

जयपूरला उतरले तेव्हा हवामहाल वगैरे डोक्यात नव्हतंच. पिशवीत सासूबाईंनी लुगड्यात गुंडाळून दिलेला फोटो होता आणि प्रवासात त्याची काच तडकली होती. माझा जीव टांगणीला लागला.

फोटोत दोन शिपाई. एक उभा, रुबाबदार, मिशीवाला. दुसरा खुर्चीत, काडीपैलवान. सासूबाईंचे वडील दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून गेले ते गेलेच. या तेव्हा पोटात होत्या. आईही बाळंतपणात गेली. उभा तो बाप, असं आजोळी कुणी म्हणालं आणि सासूबाई दर पितृपक्षात त्याच्यापुढे पान वाढत आल्या. यंदा एका लग्नात एक म्हातारे नातेवाईक म्हणाले, "छे, बसलेला तुझा बाप!" तेव्हापासून सासूबाईंच्या डोळ्याला डोळा नाही.

जयपूरच्याच सोडाला भागात नणंदेकडे पिशवी टेकवली. तिचे यजमान बँकेत, बदलीवर आलेले. "वहिनी, प्याज की कचोरी (कांद्याची कचोरी) तरी खा," ती म्हणाली. कचोरी हातात घेऊनच ऑटोत बसले आणि झोटवाड्यात पोचेपर्यंत पदराला तेल लागलं होतं.

तिथले एक निवृत्त सुभेदार जुन्या फोटोंतले सैनिक गणवेशावरून ओळखतात, असं नणंदेनंच कळवलं होतं.

"आओ सा, बिराजो (या, बसा)."

बसायला मला धीर कुठला! ते मात्र भिंग पुसत राहिले. मग म्हणाले, "बटन देखिए. खड़े वाले के काले हैं, राइफल पलटन के. मराठा पलटन का बटन पीतल का, चमकता है. आपके तो बैठे वाले हैं." थोडं थांबून म्हणाले, "ये खड़ा वाला दोस्त होगा. शायद हमारे इधर का ही."

नणंदेच्या घरी परतले तर भाची पटकन बोलली, "मतलब नानीनं दुसऱ्यालाच जेवू घातलं?"

नणंद रडवेली झाली. "वहिनी, आईला सांगू नकोस. खचेल ती."

परतीच्या गाडीत मी सांगायचं ठरवत होते आणि मोडत होते. खिडकीबाहेरचं काही आठवत नाही.

दारात सासूबाईंचा चेहरा पाहिला आणि खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. त्यांनी फोटोवर बोट ठेवलं.

"आणि हा उभा?"

"तिकडचाच कुणी असावा. वडिलांचा दोस्त."

"असू दे. पानावर बसलेल्याला उठवू नये. यंदा दोन पानं वाढू."

मला हायसं वाटलं. वाटलं, चला, निभावलं. तेवढ्यात त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि खुर्चीतल्या माणसाकडे बघत राहिल्या.

"त्या उभ्याला घारगे आवडतात, हे माझं मीच ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. "यांना काय आवडत असेल गं?"