इंजिनाला ऊब

नवरा व्हिसाच्या स्टॅम्पिंगसाठी भारतात गेला आणि तिकडेच अडकला, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. जाण्याआधी त्याने आपली गाडी आमच्या एडिसनच्या घराखालच्या गॅरेजमध्ये नीट ठेवली होती. ऑइल बदललं, टाकी भरून पेट्रोल टिकवायचं औषध त्यात ओतलं, बॅटरीला चार्जर लावला आणि मला बजावलं, की मी येईपर्यंत कोणी ती सुरू करायची नाही. मी हो म्हटलं. त्याच्या सूचनांना मी आधी हो म्हणते आणि मग विसरते.

माझे बाबा तेव्हा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते. सगळी हयात मोटारींच्या दुरुस्तीत गेलेला माणूस. इथे बाहेर बर्फ आणि हाताला काम नाही. बंद ठेवलेलं इंजिन वाया जातं, त्याला रोज ऊब द्यावी लागते, हे त्यांचं ठाम मत. माझ्या लहानपणी थंडीत ते रोज सकाळी अंगणात स्कूटर घरघरत ठेवायचे. इथेही चार्जर काढून ते रोज दहा मिनिटं गाडी सुरू करू लागले. त्यांचा जीव रमतोय ना, म्हणून मी त्यांना अडवलं नाही. फक्त गॅरेजचं दार वर करा, एवढं सांगितलं होतं.

त्या दिवशी बर्फामुळे शाळेला सुट्टी होती. पाच वर्षांची लेक गॅरेजच्या वरच्याच खोलीत लोळत होती आणि मी तिथेच टेबलाशी ऑफिसचं काम करत होते. माझं डोकं तासाभरापासून ठणकत होतं. लेक म्हणाली, "आई, माय हेड हर्ट्स." मी तिला टीव्ही बंद कर म्हणून ओरडले. मग ती उलटी होईल म्हणाली, तेव्हा काल खाल्लेल्या चॉकलेटांचा उद्धार केला. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

दोन वाक्यं झाली असतील. तो म्हणाला, "मागे घरघर ऐकू येतेय, खाली इंजिन सुरू आहे का गं? दार उघडं आहे ना?"

खिडकीतून पाहिलं तर गॅरेजच्या दारासमोर कमरेइतका बर्फ, आणि दार बंद. लेकीला उचललं तर ती अंगावर ढिली पडली. असली भीती मी आयुष्यात कधी अनुभवली नव्हती. तिला बाहेर पायरीवर बर्फातच बसवलं, ९११ला फोन लावला आणि श्वास कोंडून गॅरेजमध्ये शिरले. बाबा बॉनेट उघडून स्टुलावर बसले होते, चेहरा लालबुंद. मला बघून उठायला गेले आणि कोसळले. मी किल्ली फिरवली, दाराचं बटण दाबलं आणि त्यांना काखेत धरून ओढत बाहेर आणलं. ते शुद्धीवर येईपर्यंत मी त्यांना नुसती हाका मारत होते.

अग्निशमनवाले आले. दोघांना ऑक्सिजन लावून हॉस्पिटलमध्ये न्यायची तयारी चालली असताना त्यांच्यातल्या एकाने घरात वायू मोजायचा मीटर फिरवला आणि मला विचारलं, विषारी वायूचा अलार्म कुठे आहे? मी छताकडे पाहिलं. तिथे नुसती रिकामी चकती होती. धूर आणि वायू दोन्हींसाठी तो एकच अलार्म होता, आणि फोडणी टाकली की बोंबलायचा. दिवाळीत चकल्या तळताना मीच खुर्चीवर चढून तो काढला होता. स्वयंपाकघराच्या खणात, लाटण्याशेजारी पडला होता.

संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी दोघंही ठीक आहेत म्हणून सांगितलं. बाबा कॉटवर बसून फोनवर जावयाची माफी मागत होते. चूक माझी, इंजिन तासभर चालू ठेवलं, दार उघडलं नाही, बर्फ काढायचा कंटाळा केला, असं पुन्हा पुन्हा सांगत होते. इतके लहान झालेले बाबा मी कधी पाहिले नव्हते. मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला.

नवऱ्याने विचारलं, "अगं, पण अलार्म वाजला नाही?"

बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "नाही वाजला."