बॉयलर एका प्रोसेसरवर चालला तेव्हा

मंडळी, सकाळचा किस्सा सांगायलाच हवा.

मी देवळालीजवळच्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर आहे. आमचा बॉयलर ज्या प्रोसेसरवर, म्हणजे पाणी आणि दाब सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर चालतो, त्याच्या शेजारी तसाच दुसरा कायम तयार असतो. पहिला बंद पडला की दुसरा लगेच काम उचलतो. निदान कागदावर तरी तसं लिहिलंय.

आज दहाच्या सुमारास पॅनेलवर लाल दिवा लागला. पहिला गेला होता. मी पळतच बॉयलरवर पोचले. बॉयलर थांबला तर गाळप थांबणार, आणि गेटबाहेर उसाचे ट्रॅक्टर उभे.

आमचे ऑपरेटर सर्जेराव नाना निवांत चहा पीत होते.

"नाना, पाणी किती? वाफेचा दाब?"

"हाय की बरोबर. का वो मॅडम?"

दुसऱ्या प्रोसेसरने काम कधी उचललं, हे त्यांना कळलंही नव्हतं.

पण आता तोही बंद पडला असता, तर काम उचलायला तिसरा नव्हता. मी स्टोअरमधून नवा प्रोसेसर आणला आणि चालू बॉयलरवरच बसवायला घेतला. असं काम मी पहिल्यांदाच करत होते. नाना टॉर्च धरून म्हणाले, "दमानं घ्या. मी हाय हितं."

हिरवा दिवा लागला, तेव्हा मी तिथेच खाली बसले.

दुपारी गेटवर एक ट्रॅक्टरवाले दादा वैतागून म्हणाले, "मॅडम, आज रांग लई हळू चाललीय."

मला इतकं हसू आलं की ते बघतच राहिले.

तुमच्याही कामात असं होतं का, नीट पार पडलं की कुणाला पत्ताच लागत नाही?