इसरूच्या तेरा नोंदी

३ नोव्हेंबर २०२३ रोजी मूल शहरातल्या औषध दुकानातून साखर तपासायच्या पन्नास पट्ट्यांची डबी घेतली. रुपये ९४०. निम्मे माझे, निम्मे इसरू कोवेचे.

इसरू आमच्या धान खरेदी संस्थेच्या गोदामाचा चौकीदार, मी तिथला हिशेबनीस. मधुमेह दोघांनाही. इसरूला लिहिता येत नाही. गोदामात आलेल्या प्रत्येक गाडीसाठी तो भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढतो. बावीस वर्षांत त्या रेघा माझ्या वहीशी एकदाच जुळल्या नाहीत. त्या दिवशी तो चहाला गेला असताना एक गाडी येऊन गेली. मी म्हटले, "ओढ रे रेघ, मी सांगतो ना."

"म्या पाह्यली नाई भाऊ. न पाह्यल्या गाडीची रेघ नाई ओढत."

मी तेव्हा हसलो होतो.

डॉक्टरांनी माझ्या मोबाईलवर मधुमेहाचे ॲप टाकून दिले. इसरूचा मोबाईल साधा, म्हणून त्याचे खातेही मी माझ्याच मोबाईलवर उघडले. मंगळवारी आणि शनिवारी तो बोट पुढे करायचा, मी आकडा चढवायचा. मग ॲप विचारायचे, पायावर फोड किंवा जखम आहे का? इसरू चप्पल काढून तळवा दाखवायचा. आठवड्याच्या नोंदी पूर्ण झाल्या की हिरवी खूण उमटायची.

"किती भरली भाऊ?"

"दोनशे दहा."

"बाप्पा! एवढी साखर हाये त रेशनवर वाटा ना!"

१२ डिसेंबरपर्यंत बारा पट्ट्या अशा झाल्या. नंतर खरेदीचा जोर वाढला. दिवसाला चाळीस गाड्या, जेवायलाही उसंत नाही. पण रकाना रिकामा ठेवणे मला आयुष्यात जमलेले नाही. मागच्या आकड्यांकडे बघून मी पुढचे भरत गेलो. १९०, १८२, १७६. थोडे उतरते ठेवले, म्हणजे खरे वाटतील. पायाच्या प्रश्नाला 'नाही' दाबले. तेरा वेळा. हिरव्या खुणा येत राहिल्या, इसरूने विचारले की त्या दाखवून 'मोबाईलात सगळं बरोबर आहे' म्हणायचो, आणि मला बरेही वाटले.

जानेवारीत माझ्या गोळ्या आणायला गेलो, तेव्हा डॉक्टरांना इसरूचाही आलेख दाखवला. "सुधारतोय. गोळ्या याच चालू राहू द्या, पुढच्या वेळी त्यांना घेऊन या," ते म्हणाले.

३० जानेवारीला त्याची बायको बुधरी संस्थेत आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"भाऊ, याच्या पायाले वास येऊन राह्यला."

"कधीपासून?"

"संकरातीच्या आंधीपासून फोड हाये. नव्या बुटानं झाला. मी म्हनलं दवाखान्यात जाय. त म्हने, भाऊच्या मोबाईलात समदं बराबर हाये, त्यायनं सांगतलं असतं."

दवाखान्यात साखर ३८६ निघाली. चंद्रपूरला नेले. उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली.

मी भेटायला गेलो. इसरू पाय उशीवर ठेवून पडला होता. मला म्हणाला, "आलेख त चांगला होता ना भाऊ? मंग मीच काई चुकलो असन. संकरातीले एक लाडू खाल्ला होता." बुधरीने त्याच्याकडे रागाने पाहिले.

मला ते ऐकवेना. "इसरू, शेवटच्या तेरा नोंदी मी न तपासता भरल्या. पायाचंही खोटंच भरलं."

त्याने विचारले, "तेराही?"

"तेराही."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवले. बुधरी म्हणाली, "जा भाऊ, तुमची बस चुकन."

उन्हाळ्यात तो कामावर परतला, काठी घेऊन. आता बोट तो स्वतःच टोचतो. बुधरीने त्याला आकडे शिकवले. यंत्रावर दिसेल तो आकडा गाड्यांच्या रेघांशेजारी कोळशाने काढतो, पाय तपासला की खाली एक टिंब देतो. मी भिंतीवरून पाहून मोबाईलात चढवतो. टिंब नसेल तर पायाचा प्रश्न तसाच सोडतो. तपासायला तो मला बोलवत नाही. मला अजून भाऊच म्हणतो, आणि तेच जास्त लागते.

येत्या जूनमध्ये मी निवृत्त होईन. त्या डबीतल्या इसरूच्या तेरा पट्ट्या माझ्या कपाटात पडून मुदतबाह्य झाल्या. पट्टीला १८ रुपये ८० पैसे, म्हणजे २४४ रुपये ४० पैसे. ते मी त्याला अजून दिलेले नाहीत.