आबांची कॉलर ट्यून

आबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी धुळ्याच्या बाजारात क्रियाकर्माचं सामान घेत होतो. दर्भ किती लागेल ते विचारायला दादाला, म्हणजे आबांच्या मुलाला, फोन लावला तर तो सारखा एंगेज. म्हणून आबांच्याच नंबरवर लावला. तो फोन आता अक्काच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या, मांडीवर असायचा. दोन्ही हातांत पिशव्या म्हणून माझा फोन स्पीकरवर होता. रिंगच्या जागी पिपाणी वाजली, ताशा कडाडला आणि एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "मी काय येवाव नही, मी काय येवाव नही, तुनी भाकर तू थाप!"

दुकानदाराने आधी माझ्या हातातला दर्भ पाहिला, मग फोन पाहिला. मी सुट्टे घेऊन बाहेर आलो.

गाणं तसं निरुपद्रवी. नवऱ्यावर रुसून माहेरी बसलेली बायको अहिराणीत सांगते आहे, की मी काही येणार नाही, तुझी भाकरी तूच थाप. लग्नाच्या वरातीत या गाण्यावर आमच्याकडचे वाकलेले म्हातारेही कंबर हलवतात. पण माणूस गेलेल्या घरी सांत्वनाचा फोन करावा आणि पलीकडून "मी काय येवाव नही" असं ठणकावून ऐकू यावं, हे जरा जास्तच होतं.

आबा माझे थोरले काका. वय झालं होतं, झोपेतच गेले, सगळे म्हणाले पुण्यवान माणूस. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन होता. कधीतरी त्यांनी नांगरटीसाठी एका ट्रॅक्टरवाल्याला फोन केला असणार, तिथे हे गाणं वाजत असणार, आणि मधुर आवाजाच्या बाईने सांगितलं असणार, की ही ट्यून कॉपी करण्यासाठी स्टार दाबा. आबांना कोणी काही दाबायला सांगितलं की ते दाबत. आबा जिवंत असताना भाऊबंदांनी ते गाणं ऐकून हसून सोडून दिलं होतं. आता मात्र दारावर, म्हणजे सांत्वनाला घरी, येऊ न शकणारा प्रत्येक जण फोन करत होता, आणि दुखवट्याचा गंभीर आवाज लावून तयार बसलेल्या माणसाच्या कानात ताशा वाजत होता.

चाळीसगावचे नाना आमच्यातले सगळ्यात वजनदार गृहस्थ, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनीही फोन केला. गाणं चालू असताना तीच बाई म्हणाली, स्टार दाबा. नानांना वाटलं, गॅस बुक करताना दाबावं लागतं तसं इथेही दाबल्याशिवाय फोन पुढे जात नसेल. त्यांनी दाबलं. दुसऱ्या दिवशी गंधमुक्तीची, म्हणजे सुतक फिटण्याच्या विधीची, वेळ विचारायला ज्यांनी ज्यांनी नानांना फोन केला, त्यांना मुख्याध्यापकांनी कळवलं की तुनी भाकर तू थाप. त्यातल्या दोघांनी पुन्हा स्टार दाबलं. गजकर्णासारखं ते गाणं भाऊबंदांत पसरत चाललं.

याचा मला विशेष संताप येण्याचं कारण आहे. मी जळगावला पिंप्राळ्यात राहतो आणि एका पतसंस्थेत, गावाच्या भाषेत सांगायचं तर, कॉम्प्युटरवर बसतो. गाण्यांचा मला भारी नाद. एकेकाळी मी रीतसर पैसे मोजून गाणी विकत घेतली होती. फोन बदलला तेव्हा कळलं, की ती गाणी जुन्या फोनला बांधलेली आहेत, नव्यात येणार नाहीत. पुढे ती गाणी विकणारी कंपनीच बंद पडली आणि जुन्या फोनमधलीही मुकी झाली. आता दर महिन्याला भाडं भरून ऐकतो. उतरवून ठेवलेलं गाणंसुद्धा मधूनच थांबून विचारतं, की तुम्ही तुम्हीच आहात का, जरा इंटरनेट लावून सिद्ध करा. मुलीने स्वयंपाकघरात गाणं लावलं की माझं स्कूटरवरचं बंद पडतं, कारण एका वेळी एकानेच ऐकायचं असा नियम. म्हणजे मला हवं ते गाणं माझ्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात जात नाही, आणि कोणालाच नको असलेलं हे गाणं नुसत्या स्टारवर चाळीसगाव गाठतं. हा कुठला न्याय?

कॉम्प्युटरवर बसतो म्हटल्यावर हे काम माझ्याकडेच आलं. दादा म्हणाला, "भाऊ, गंधमुक्तीले व्याही येतीन. तेन्हा पहिले हाई बंद कर." सोपा उपाय सगळ्यांनीच सुचवला, की सिमच काढून फेका. पण अक्का आतल्या खोलीतून म्हणाली, "काय बी करा, पन त्यास्ना नंबर बंद करू नका."

तिचं बरोबर होतं. तिची मुलगी, आमची ताई, सुरतेला असते. ताईच्या सुनेचे दिवस भरलेले, म्हणून ती येऊन अंत्यदर्शन घेऊन लगेच परत गेली होती. ती रोज संध्याकाळी याच नंबरवर फोन करायची. दादाचा फोन दादाबरोबर शेतात फिरतो, घरी एवढा एकच. पूर्वी आबा आधी बोलायचे आणि मग फोन अक्काकडे द्यायचे. आता हिरवं बटण कुठलं ते अक्काने स्वतः शिकून घेतलं होतं. पणतू झाल्याची बातमी ती त्याच फोनवर ऐकणार होती.

मी आधी आबांच्या फोनवरून ट्यून बंद करा असा मेसेज पाठवला. उत्तर आलं, की आपली विनंती मिळाली. संध्याकाळी दुसरा मेसेज आला, की आपल्या आवडीबद्दल आभार, आपल्या ट्यूनची मुदत वाढवली आहे. मग कंपनीला फोन लावला. मराठीसाठी हे दाबा, तक्रारीसाठी ते दाबा, असं करत करत शेवटी एक जिवंत मुलगी लागली. फार नम्र.

"सर, ज्यांच्या नावावर नंबर आहे त्यांना फोन देता का?"

"ते गेले."

"ठीक आहे सर, परत कधी येतील?"

"परत येणार नाहीत."

"काही हरकत नाही सर, ते आले की त्यांना आम्हाला कॉल करायला सांगा."

बाजूला अर्धं गाव बसलेलं. तिला समजावून सांगायला लागलो असतो तर मला एकतर रडू आलं असतं नाहीतर हसू, आणि दोन्हींपैकी काय येईल याची खात्री नव्हती. मी फोन ठेवला.

त्यावर नानांनी तोडगा काढला. ते दारावर आले होते, आणि स्वतःच्या फोनचीही त्यांना घाई होती. म्हणाले, दादाचा आवाज हुबेहूब आबांसारखा आहे, त्यानेच आबा म्हणून बोलावं. खोटं बोलू नये असं ज्यांनी आम्हाला छडी मारून शिकवलं त्यांनीच हे सांगितल्यावर आम्हाला धीर आला. दादाने घसा खाकरला, आणि खरंच, पहिल्या हॅलोला माझ्या अंगावर काटा आला. मुलीने नाव विचारलं, दादाने बरोबर सांगितलं. पत्ता विचारला, तोही सांगितला. मग तिने जन्मतारीख विचारली.

आता आबांची जन्मतारीख आधार कार्डावर एक जून आहे. आमच्या निम्म्या गावाची तीच आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांना एक जूनला जन्माला घातलं. पण घरात ती तारीख कोणाच्याच तोंडी नाही. दादाने बेधडक सांगितलं, "पोळ्यानी कर."

मुलीने पुन्हा विचारलं. दादाने समजावलं, पोळा झाल्यावर दुसरा दिवस रहास ना, ती कर. मुलगी म्हणाली, "सर, आपण स्वतःच बोलताय ना?"

एवढं एक वाक्य दादाला पेललं नाही. पोळ्याची कर म्हणताना त्याला काय आठवलं कोण जाणे. त्याचा आवाज आबांचा राहिला नाही, त्याचा स्वतःचाही राहिला नाही. "नही ताई. मी त्यास्ना पोऱ्या शे. आबा गयात." आणि माणसं घरी आल्यापासून सगळ्यांना चहा विचारत फिरणारा तो धिप्पाड गडी त्या अनोळखी मुलीजवळ हमसून हमसून रडला. नाना भिंतीकडे तोंड करून बसले. फोन बंद झाल्यावर लगेच मेसेज आला, की आमच्या प्रतिनिधीशी झालेल्या संभाषणाला एक ते पाचपैकी किती गुण द्याल? दादाने डोळे पुसत पाच दिले. म्हणाला, "चांगली पोर व्हती."

चांगली होती, नियमाने वागणारीही होती. ग्राहक मयत झाल्याची नोंद तिने केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा नंबर बंद पडला. लावला की आवाज यायचा, हा क्रमांक सेवेत नाही. ना गाणं, ना घंटी. भाऊबंद म्हणाले, चला, सुंठीवाचून खोकला गेला. व्याही येऊन गेले, गंधमुक्ती शांततेत पार पडली.

मी मात्र नंबर बंद पडला त्या संध्याकाळी अक्काकडे पाहिलं. ती ओट्यावर फोन मांडीवर घेऊन बसली होती. अंधार पडायला लागला तसा तिने तो उलटा करून पाहिला, पदराने पुसला आणि माझ्यापुढे धरला. "भाऊ, याले काय व्हयनं?" मला फार वाईट वाटलं. गाणं घालवण्याच्या नादात आम्ही शहाण्यांनी तिची एकुलती एक वाट बुजवली होती. मी ताईला माझ्या फोनवरून लावून दिलं. अक्का बोलली, पण परक्याच्या घरी बसल्यासारखी, दोनच शब्द. फोन परत देताना म्हणाली, "त्याच नंबरवर लाव म्हना तिले."

नंबर अक्काच्या नावावर करायचा तर तिला धुळ्याच्या दुकानात नेणं भाग होतं. इतक्यात तिने बाहेर पडू नये असं भाऊबंदांचं मत पडलं. अक्काने ते विचारलंच नव्हतं. मृत्यूचा दाखला, आधार कार्ड आणि पाण्याची बाटली पिशवीत घालून ती आमच्या आधी एसटीत जाऊन बसली.

दुकानात टाय घातलेल्या मुलाने तिच्यासमोर मोबाइल धरला. मोबाइल म्हणाला, चेहरा दिसत नाही. पदर मागे घ्या म्हटल्यावर अक्काने तो बोटभर मागे घेतला. मोबाइलचं समाधान होईना. आणखी बोटभर. मग मोबाइल म्हणाला, डोळ्यांची उघडझाप करा.

"काय म्हनस हाऊ?"

मुलाने स्वतः करून दाखवलं. म्हणाला, "आजी, असे डोळे मिचकवा माझ्याकडे बघून."

अक्का खुर्चीतून उठलीच. "बया! या वयमा मी याले डोया मारू का?"

रांगेतले सगळे हसले, मुलगा लाजून लाल झाला. तो मोबाइल मेलेल्या माणसाचा फोटो दाखवून कोणी फसवू नये म्हणून तसं विचारतो, जिवंत माणूसच पापणी हलवतो, हे मी तिला समजावलं. ती खाली बसली. "जित्ती शे मी," असं मोबाइललाच बजावून तिने डोळे गच्च मिटले आणि उघडले. झालं.

एसटी स्टँडवर पोचेपर्यंत नंबर चालू झाला. मी माझ्या फोनवरून लावून पाहिला. साधी टिंग टिंग वाजत होती. मालक बदलला तशी ट्यूनही गेली होती. दादाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि गाडी कधी लागते ते पाहायला चौकशीच्या खिडकीकडे गेला. अक्का बाकावर बसली होती, हातातल्या वाजणाऱ्या फोनकडे बघत.

"आते काय वाजस?" तिने विचारलं.

"साधी घंटी."

"मंग आधी काय वाजे?"

मला वाटलं ती थट्टा करतेय. मग लक्षात आलं. कॉलर ट्यून ऐकू येते ती फोन लावणाऱ्याला. फोन ज्याच्या हातात त्याला कधीच नाही. चाळीसगावपासून सुरतेपर्यंत सगळ्यांनी ऐकलेलं ते गाणं या एकाच बाईने ऐकलं नव्हतं, आणि इतके दिवस आम्ही तिच्या देखत त्याबद्दल कुजबुजत होतो.

"असंच एक गाणं होतं," मी म्हणालो.

"म्हन ना."

मी इकडेतिकडे पाहिलं. नंदुरबारची गाडी लागत होती, कंडक्टर ओरडत होता. माझा आवाज म्हणजे फाटका ताशाच. तरी मी तिच्या कानाशी वाकलो आणि हळूच म्हटलं, मी काय येवाव नही, मी काय येवाव नही, तुनी भाकर तू थाप.

अक्का पदर तोंडाला लावून इतकी हसली, की शेजारची बाई सरकून बसली. हसता हसता तिने तोच पदर डोळ्यांना लावला.

"तू त्यांना कधी फोन नाही केलास, अक्का?"

"माले फोन कराना वखतच नही उना, भाऊ," ती म्हणाली. "मी हाक मारू, त्या ओ देत."